सुकाणू वळलं

तोंडवली
२६ ऑक्टोबर १९६४

लवू,

डोलकाठी जोडून झाली. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकी काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

तुमच्या घरी गेलो होतो, पण तुझा पत्ता काकीने दिला नाही. मी मागितला तेव्हा ती मासे वाळत घालत होती. तशीच घालत राहिली. पण तोंडवलीतून मुंबईला गेलेला माणूस माझगावातल्या आपल्या गावच्या खोलीशिवाय उतरणार कुठे? त्या खोलीचा पत्ता आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तेव्हा पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस.

मड्डम बरी आहे. शेटनी ती विलायती बोट कॉलेजला दिली तेव्हा नाव तूच ठेवलंस. गोरी, अरुंद, नखरेल. आता तिच्या काठीला मधोमध लोखंडी पट्टी आहे, कमरेला पट्टा बांधल्यासारखी. टीम मोडली नाही. कॉलेजच्या मंडळातले लोक मोडायलाच निघाले होते, पण शेट म्हणाले, दहा जानेवारीला मुंबईच्या शर्यतीत आपल्या मुलखाची बोट दिसली पाहिजे. आठ कॉलेजं आहेत. सात मुंबईची आणि आपण.

सुकाणूवर आता मी. शिडाच्या दोरीवर गणपत. पुढे बाबू, हात बरा झाला की. बोट तीन माणसांची, आम्ही तीनच. कोणी आजारी पडायचं नाही असं ठरलंय.

भूगोलाचे सर अजून येतात. अजून पोहता येत नाही, अजून कमरेला दोर बांधून काठावर उभे राहतात. परवा त्यांनी विचारलं, "तुमच्या होड्यांना बाजूला दोन दांडे काढून तो ओंडका का रे बांधता?" मी म्हटलं, सर, ती उलांडी. होडी उलटू नये म्हणून. वाऱ्याने उलांडी पाण्याबाहेर उचलली गेली की एकाने दांड्यावर पाऊल टाकून बाहेर जायचं आणि वजनाने ती खाली दाबायची. "आणि मड्डमला?" म्हणाले. मड्डमला नसते, सर. "हं," म्हणाले, आणि वहीत चित्र काढून घेतलं.

नोटीस बोर्डावरची नोटीस अजून काढलेली नाही. रोज तिच्यासमोरून जावं लागतं, त्यामुळे पाठ झालीय. "दि. ४ ऑक्टोबर रोजी मंडळाच्या सदस्यांसमोर झालेल्या प्रात्यक्षिकात सुकाणूवरील विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे नौका उलटून डोलकाठी मोडली व एका विद्यार्थ्याचा हात मोडला. सबब सदर विद्यार्थ्याची फ्रीशिप रद्द करून त्याचे नाव पटावरून कमी करण्यात येत आहे." तुझं नाव टाकलेलं नाही. सदर विद्यार्थी. चांगलं केलं, नाही?

बाबूला वाटतं चौकशीत मी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं. तो हात गळ्यात बांधून हिंडतो, त्याला काहीही वाटू शकतं.

एक विचारायचं होतं. सकाळी मतलई वारा पडतो आणि खारा सुटायचा असतो, त्या मधल्या वेळेत तू शीड किती ढिलं ठेवायचास? एवढंच कळव. एका कार्डावर मावेल.

तुझा
परशा


१५ नोव्हेंबर

लवू,

कार्ड आलं नाही. पण तुझे बाबा आले.

आम्ही वाळूवर मड्डमभोवती बसलो होतो. गंगारामकाका लांबून येताना दिसले तसा गणपत हळूच म्हणाला, "पळा." कोणी पळालं नाही. काका आले, काठीवरून हात फिरवला, पट्टीवर नखाने टकटक केलं.

"ह्या काठयेक रंदो कोणी मारलो? आंधळ्यान?"

"मालवणच्या सुताराने," मी म्हटलं.

"मगे डोळे असान आंधळो. काडा ती पट्टी."

दोन दिवस स्वतः बसून त्यांनी काठी नव्याने घडवली. तेव्हापासून रोज येतात. मासळी उतरवली की अंगाचा खवल्यांचा वास तसाच घेऊन येतात आणि काठावर उकिडवे बसून आम्हाला शिव्या घालतात. "कॉलेजाची पोरां तुमी, वारो काय फळ्यार लिवून येता तुमका सांगान?" सर नकाशा उघडून वाऱ्याची दिशा समजावत होते तेव्हा म्हणाले, "सर, तुमी कागद घट धरा. पयलो तोच उडतलो." सर हसले. सातारचा माणूस, पण मनाचा मोठा आहे.

शेवटी बाबूने विचारलंच. "काका, लवूक काडलो कॉलेजान. तरी तुमी आमका कित्याक शिकयतास?"

"माज्या झिलान ह्या बोटीक हयचा पाणी दाखयल्यान. अर्द्यार टाकूची?"



आता एक गंमत. परवा आम्ही बोटीत बसलो तसे काका गुडघाभर पाण्यात आले, माझा डावा पाय धरला आणि दोरीने आडव्या फळीला बांधून टाकला. दोन गाठी.

"काका, ह्येचोच कित्याक?" बाबू म्हणाला.

"ह्येचो पाय लांब आसा."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून रोज तो पाय बांधतात. गाठ स्वतः मारतात, दुसऱ्याला मारू देत नाहीत. सुकाणूवर बसणाऱ्याचा पाय बांधून काय फायदा, मला कळत नाही. तुला कळत असेल तर लिहू नकोस.

सराव झाला की तुमच्याकडे चहा. बाबूचा कप काकी हातात देते, गणपतचा हातात देते, सरांना तर बशीसकट. माझा उंबऱ्यावर ठेवते आणि आत जाते. कपात साखर असते. मी रोज बघतो, साखर असते.

मी तिसरीत होतो तेव्हापासून त्या घरात जेवतोय. आमच्या घरी देवगडहून बाबा आंब्याच्या पेट्यांच्या गोष्टी घेऊन यायचे आणि मी तुमच्या ओटीवर गंगारामकाकांच्या दर्याच्या गोष्टी ऐकत बसायचो. पोहायला मला त्यांनी शिकवलं. होडीत बसायला त्यांनी. तुझ्याआधी मला उलांडीवर उभं केलं, कारण तू रडत होतास. आठवतं?

गोदीत लागलास म्हणे. काय काम आहे तुला?

परशा


२९ नोव्हेंबर

बाबूला कार्ड आलं.

त्याने मला दाखवलं नाही. वाचून दाखवलं. "हात बरो? मी गोदीत बोटींचो गंज खरवडतंय. कानात गंज, नाकात गंज, भातात पण गंज लागता." पुढे म्हणे आईला सांग बरा आहे. मग सही. मी म्हटलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच. मी म्हटलं, माझ्याबद्दल? तो कार्ड खिशात घालायला लागला. एका हाताने घालायला बराच वेळ लागतो.

ठीक आहे. मग मीच बोलतो.

चौकशीच्या वेळी तू त्या खोलीत होतास. टेबलापलीकडे सातजण. शेटच्या कोटाला अजून चिखल होता, कारण बाबूला पाण्याबाहेर काढायला तेही धावले होते. प्रिन्सिपॉल म्हणाले, "कॅप्टन या नात्याने आपण सांगा, नौका कशामुळे उलटली?" मला आपण म्हणाले. मी दोन शब्द बोललो.

सुकाणू वळलं.

मी कोणाचं नाव घेतलं? वळवलं म्हटलं का मी? वळलं म्हटलं. बोट उलटते तेव्हा सुकाणू वळतंच, शीड पडतंच, माणसं ओरडतातच. हे खोटं आहे का? त्यांनी त्यातून काय काढायचं ते काढलं. मंडळातला तो चष्मेवाला म्हणाला, मच्छीमाराचा मुलगा आहे ना, सवय असेल बेफिकिरीची. ते मी म्हटलेलं नाही.

आणि तू? तू दाराशी उभा होतास, ओल्या सदऱ्यात. तुला विचारलं, "आपल्याला काही सांगायचं आहे?" तू माझ्याकडे बघितलंस. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. आणि म्हणालास, "नाय." का? तोंड नव्हतं तुला? तू बोलला असतास तर मी

(इथल्या चार ओळी खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.)

सरावात आज आम्ही वळणावरच्या खुणेला दोनदा आपटलो. काका काहीच बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प.


६ डिसेंबर

लवू,

काल सराव संपल्यावर काका म्हणाले, "परशा रव, बाकीच्यांनी जावा." बाबू आणि गणपत गेले. सरांनी कमरेचा दोर सोडला, गुंडाळला आणि तेही गेले. काका माझ्या पायाची गाठ सोडायला बसले. समुद्राचं पाणी लागून ती आवळली होती.

"त्या दिसाक," म्हणाले, "मी थंय कातळार उबो होतंय. सांगलंय तुका?"

मी म्हटलं, नाही.

"बोट खंय पडली? खालच्या आंगाक. लवू खंय पडलो? खालच्या आंगाक. बाबू खंय? शिडाखाली, खालच्या आंगाक. आणि तू?"

मी पाय मागे ओढला, पण गाठ सुटली नव्हती.

"तू वयल्या आंगाक. वारो येय होतो थंय. तिघांतलो एकटोच. सुकाणू वळला आसता तर तिघेय एका बाजूक पडले आसते मेल्या, करंडीतल्या बांगड्यांसारखे." गाठ सुटली. त्यांनी दोरी हातातच धरून ठेवली. "डाव्या आंगान वारो इलो की डावो पाय भायर. ता कोणी शिकयल्यान तुका?"

"तुम्ही."

"मगे? चूक माजीच की. सात वर्साच्या पोराच्या आंगात घातलेली गोष्ट, ती कशी निघतली?" आणि हसले. लवू, ते हसले. थट्टेत नाही, रागात पण नाही. माझ्या पायाचा वळ चोळला आणि म्हणाले, "सुकाणू बरा धरतंस आता. पण रातचो बरो झोपतंस काय?"

म्हणून आजचां पत्र मालवणीत. मराठीत लिवलां की माका लपाक जागा गावता. वळलं, वळवलं. हयसर ती जागा नाय.

लवू, वारो डाव्या आंगान इलो. मड्डम कलली. शिडाची दोरी माज्या हातात होती. माका वाटला उलांडी उचलली, आणि मी पाय भायर टाकलंय. थंय उलांडी खंय होती? पाणी होतां. दोरी हातातसून सुटाक नाय, माज्या वजनान शीड ताठ झालां आणि बोट पलीकडे गेली. तुजां सुकाणू सरळ होतां. मी बघलंय. पाण्यात पडता पडता बघलंय.

आणि खोटां कित्याक बोललंय ता पण सांगतंय. भियान नाय. माका काडून टाकलो आसतो तर टाकलो आसतो, बाबान देवगडाक पेढयेर बसयलां आसतां. माका लाज वाटली. कॉलेजचो कॅप्टन, कोटवाल्या लोकांसमोर, विलायती बोटीर उलांडी शोधता! ते हसतले असां वाटलां. सगळां कॉलेज हसतलां. माका कोणी हसू नये म्हणान तुजां कॉलेज गेलां.

एवढांच. ह्याच्याखाली काय नाय.

परशा


१७ डिसेंबर

लवू,

कागदावर सगळं लिहून प्रिन्सिपॉलकडे गेलो. शुद्ध मराठीत, दोन प्रतींत, सहीनिशी. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे आपण स्वखुशीने लिहिलंत?"

हो, सर.

"उत्तम. प्रामाणिकपणा उत्तम गुण आहे." मग टेबलाचा उजवा खण उघडला, कागद आत ठेवला आणि खण बंद केला. हळू. आवाज होऊ न देता. "शर्यतीला तीन आठवडे आहेत. कॅप्टन बदलायचा तर टीम राहत नाही. शेटना काय सांगायचं? मंडळाला काय सांगायचं? आपण शर्यत करून या. त्यानंतर आपण शांतपणे विचार करू. त्या मुलाचं पुढच्या जूनमध्ये काहीतरी करता येईल."

मी म्हटलं, सर, फ्रीशिपचे दुसऱ्या सत्राचे अर्ज पंधरा जानेवारीपर्यंतच घेतात. त्यानंतर त्याचं वर्ष गेलं. आणि गोदीत एकदा वर्ष गेलेला माणूस परत येत नाही.

"एका वर्षाने काय बिघडतं?" म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांना खरंच वाटतं काही बिघडत नाही.

मी बाहेर आलो. वाईट गोष्ट ही की मला बरं वाटलं. लिहून दिलं, आता त्यांच्या खणात. माझ्याकडून सुटलं. बोर्डिंगच्या विहिरीपर्यंत शीळ घालत गेलो. तिथे बाबू हाताला तेल चोळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, पायाचंही. तो ऐकत राहिला. बोटं उघडमीट करत होता, तसं त्याला डॉक्टरने सांगितलंय.

"म्हंजे माजो हात तुज्या पायान मोडलो."

हो.

"आणि आता तेका कॉलेजात घेतत?"

नाही. जूनमध्ये बघू म्हणाले.

"मगे तू सांगलंस कोणाक?" बाबू म्हणाला. "खणाक?"

तुझ्या घरी गेलो नाही त्या दिवसापासून. काका रोज पाय बांधतात. मी म्हटलं, काका, आता नको, मला आठवतं. ते म्हणाले, "तुका आठावता. पायाक आठावता काय?"

परशा


७ जानेवारी १९६५, गुरुवार, सकाळ

लवू,

हे पत्र बाबूच्या हाती देतोय. आगबोटीपर्यंत नेणारा पडाव थांबलाय, सगळे हाका मारतायत, जमेल तेवढं लिहितो.

आज निघायचं म्हणून अख्खी वाडी किनाऱ्यावर. प्रिन्सिपॉल, शेट, मंडळातला चष्मेवाला. मड्डमला हार. काका नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा दर्याच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली.

"आज ही पोरां तुज्या पाण्यावयल्यान मुंबैक चल्ली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंची बोट हलकी, तेंची अक्कल त्याच्याहून हलकी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे हसले. शेट पण.

"तर तेंच्या हातसून खंय काय चुकला माकला आसात..."

आणि काका थांबले. तू हजारदा ऐकलंयस, तिथे कोणी थांबत नाही. चुकला माकला आसात ता पोटात घाल, एका दमात म्हणतात. त्यांना ठसका लागला असेल, किंवा नसेल. माझ्याकडे बघत नव्हते. नारळाकडे बघत होते.

"चुकलां तां माजां," मी म्हटलं. आवाज कुठून आला माहीत नाही, मोठा आला. "चार ऑक्टोबराक बोट माज्या पायान उलाटली."

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीने ओरडली. दोनशे माणसं, लवू. प्रिन्सिपॉलांचेही हात जोडलेले.

"लवूचां सुकाणू सरळ होतां!"

"व्हय म्हा..." निम्म्या लोकांना आता ऐकू आलं होतं. निम्मे अजून ओरडत होते.

"मी खोटां बोललंय, आणि तेचां कॉलेज गेलां."

लाटेचा आवाज तेवढा. मग मागून, बायकांमधून, एकच आवाज आला. तुझ्या आईचा.

"व्हय म्हाराजा."

काकांनी नारळ सोडला.

मग गोंधळ. शेट म्हणाले, हा काय प्रकार? प्रिन्सिपॉल म्हणाले, भावनेच्या भरात मुलं काहीही... शेट म्हणाले, खरं की खोटं तेवढं सांगा. प्रिन्सिपॉल म्हणाले, तशी एक लेखी माहिती आमच्याकडे आलेली आहे. "कधी?" मागच्या महिन्यात. शेटनी त्यांच्याकडे बघितलं.

आणि मग आपले सर. कमरेचा दोर बांधलेलाच होता, पाणी घोट्यापर्यंत होतं तरी. त्यांनी खिशातून टीमची यादी काढली, माझ्या नावावर रेघ मारली, खाली तुझं नाव लिहिलं आणि पुढे "पटावर पुन्हा दाखल". मला विचारलंही नाही. विचारायला नकोच होतं. "सर, सही," म्हणाले.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "इथे? टेबल नाही."

"माझ्या पाठीवर ठेवा," सर म्हणाले आणि वाकले.

"करा हो सही," शेट म्हणाले. "तीन माणसांची बोट दोघांवर कशी जायची?"

त्यांनी सही केली. शाई सरांच्या सदऱ्यावर उतरलीय.

तर आता असं आहे. बाबू आणि गणपत दोघेच निघालेत. मड्डमला तिसरा माणूस लागतो आणि यादीत तिसरं नाव तुझं आहे. उद्या ते भाऊच्या धक्क्यावर उतरतील. शर्यत रविवारी नऊला. तू आला नाहीस तर ते बोट तशीच परत आणतील. येच असं मी म्हणत नाही, मला तो अधिकार नाही. बाबू म्हणेल.

सोबत फ्रीशिपचा अर्ज आहे. बाकी सगळा सरांनी भरलाय. फक्त तुझी सही. शर्यतीला आला नाहीस तरी तो सही करून पाठव. शुक्रवारी, पंधरा तारखेला, पाच वाजता खिडकी बंद होते.

पडाव सुटतोय.

परशा


१५ जानेवारी १९६५, शुक्रवार

लवू,

हे टपालात टाकणार नाही. तू रविवारच्या बोटीने निघणार म्हणे, म्हणजे हे पोचेपर्यंत तू इथे असशील. तरी लिहितोय. सवय लागली.

बुधवारी बाबू आला. मी मालवणच्या धक्क्यावर उभा होतो. मड्डम उतरवली, तिच्या अंगावर नवा ओरखडा. तो कशाने, विचारायच्या आत बाबू म्हणाला, "आठांत पाचवे."

मग तुकड्या तुकड्याने सांगितलं. शनिवारी तू आला नाहीस. दोघांनी रात्र काळजीत काढली. रविवारी आठ वाजता आलास, गोदीच्याच कपड्यांत, बोटांना लाल गंज. मड्डमला एक फेरी मारलीस, काठी हलवून बघितलीस, म्हणालास, "ही बापाशीन केली." आणि सुकाणूवर बसलास. पहिल्या वळणाला तुम्ही दुसरे होता. मग तो मुंबईचा फसवा वारा, मोठ्या आगबोटींच्या आडून येणारा, तो कोणालाच कळला नाही. दुसऱ्या कॉलेजच्या बोटीने ओरखडा दिला. पाचवे.

काकांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "सातांच्या मागे नाय ना? मगे बरां."

मी बाबूला विचारलं, माझं पत्र?

"दिलंय. खिशात घातल्यान. वाचल्यान की नाय म्हायत नाय."

काही म्हणाला?

बाबूने पिशवीतून अर्ज काढला. घडी घातलेला, तुझ्या सहीचा. सहीच्या शेजारी गंजाचं बोट उमटलंय. "म्हणालो, कॉलेजात येतंय. पण तेका सांग, बोटीत माज्या वांगडा नको."

बोटीत बरोबर नको. आणि वर्गात?

"ता मी पण इचारलंय. म्हणालो, वर्ग मोठो आसा."

मी अर्ज घेतला. बाबू म्हणाला, मी नेतंय, तू कित्याक? मी म्हटलं, मला नेऊ दे. त्याने विचार केला आणि दिला. आज सकाळी तुमच्या घरी गेलो, अर्जावर काकांचा अंगठा लागत होता. काकी ओटीवर होती. मी अर्ज तिला दाखवला, सही दाखवली. तिने बोट लावलं त्या गंजाच्या डागाला. मग म्हणाली, "ह्या धुवन निघात?" मी म्हटलं, धुऊ नका काकी, शाई जाईल. ती आत गेली. चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

कॉलेजच्या खिडकीवर साडेचारला पोचलो. तो जाडा क्लार्क, त्याने अर्ज उलटा-सुलटा केला.

"विद्यार्थी कुठाय?"

मुंबईत. सोमवारी हजर होतो.

"मग अर्ज आणणाऱ्याचं नाव, सही आणि नातं. तिथे खाली."

नाव लिहिलं. सही केली. नातं म्हणून एक चौकोन आहे, छोटा, एका शब्दाचा. मी पेन धरून उभा राहिलो. माझ्या मागे दोन मुली फीची पावती घ्यायला खोळंबल्या होत्या.

"काहीतरी लिहा हो," क्लार्क म्हणाला. "भाऊ, मित्र, काय असेल ते. पाचला खिडकी बंद."

मी लिहिलं: एकाच गावचे.

त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

परशुराम